गंधक खेड्यात गेलं, मोजमाप शहरातच राहिलं

११ जुलै २०२५ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रांसाठी नवी अधिसूचना काढली. कोळशातलं गंधक जळून सल्फर डायऑक्साइड हा वायू होतो. त्याची मर्यादा कोणी आणि कधीपर्यंत पाळायची, याची वाटणी तीत आहे. दिल्लीच्या राजधानी क्षेत्रापासून किंवा २०११च्या जनगणनेनुसार दहा लाखांहून जास्त वस्तीच्या शहरापासून १० किलोमीटरच्या आत असलेली केंद्रं पहिल्या गटात. त्यांना २०२७ अखेरची मुदत. गंभीर प्रदूषित ठरलेले पट्टे आणि हवेची मानकं सतत ओलांडणारी शहरं यांच्या १० किलोमीटरच्या आतली केंद्रं दुसऱ्या गटात. त्यांचा निर्णय एकेक प्रकरण पाहून, मुदत २०२८ अखेर. उरलेली सगळी तिसऱ्या गटात. त्यांनी चिमणी नियमाइतकी उंच ठेवली की सल्फर डायऑक्साइडची मर्यादा त्यांना लागू नाही. देशातले तीन चतुर्थांशांहून जास्त संच, म्हणजे केंद्रांतली वीज बनवणारी एकेक स्वतंत्र यंत्रणा, या तिसऱ्या गटात येतात.

ही वाटणी करताना कोळशात गंधक किती, संच किती जुना, वारा कुठल्या दिशेचा, खाली पीक कोणतं, यातलं काहीही पाहिलेलं नाही. पाहिलंय ते शहरापासूनचं अंतर आणि शहराच्या हवेची अवस्था. शेजारी मोठं शहर असेल तर धूर धुऊन सोडायचा. शेजारी गावं असतील तर तसाच सोडायचा. या निर्णयाच्या बाजूने खर्चाचे मुद्दे आहेत, ते गंभीर आहेत आणि पुढे त्यांच्याकडे यायचंच आहे. माझा आक्षेप त्याआधीचा आहे. ज्या हवेबद्दल हा निर्णय झाला, ती गावांची हवा आपण पुरेशी मोजलेलीच नाही. कधीतरी, कुठेतरी, एखाद्या अहवालापुरती मोजली असेल. पण एकाच जागी, एकाच पद्धतीने, वर्षानुवर्षं मोजलेली ग्रामीण हवेतल्या गंधकाची नोंद महाराष्ट्राकडे जवळजवळ नाही. नोंद नसताना दिलेली सूट कशाच्या आधारावर दिली, हे विचारण्याचा हक्क त्या गावांना आहे.

थोडा इतिहास सांगायला हवा. डिसेंबर २०१५ पर्यंत आपल्याकडे औष्णिक केंद्रांच्या धुरातल्या सल्फर डायऑक्साइडवर देशपातळीवर कसलीही मर्यादा नव्हती. नियम होता तो फक्त चिमणीच्या उंचीचा. ताशी किती किलो वायू बाहेर पडतो त्यावरून एक सूत्र होतं, आणि ५०० मेगावॉट व त्याहून मोठ्या संचाला २७५ मीटर उंचीची चिमणी लागायची. धूर कमी करा असं कोणी म्हणत नव्हतं. लांब फेका असं म्हणत होते. डिसेंबर २०१५ मध्ये प्रथमच आकडे ठरले. जुन्या लहान संचांना घनमीटरमागे ६०० मिलिग्रॅम, जुन्या मोठ्या संचांना २००, आणि २०१७ नंतरच्या नव्या संचांना १००. पालनाची मुदत होती दोन वर्षं. मग ती २०२२ वर गेली, नंतर पुढे, आणखी पुढे. दहा वर्षांनी बहुसंख्य संचांसाठी मुदतीचा प्रश्नच काढून टाकला गेला आणि आपण पुन्हा चिमणीच्या उंचीपाशी येऊन थांबलो.

सूट देण्यामागचा सरकारी युक्तिवाद साधारण असा. भारतीय कोळशात गंधक कमी, अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी. चिमण्या उंच, त्यामुळे वायू विरतो. आणि देशभरातल्या हवा मोजणी केंद्रांवर मोजलेलं सल्फर डायऑक्साइड मानकाच्या बरंच खाली आहे.

पहिला मुद्दा खरा आहे, पण अर्धाच. टक्केवारी कमी असली तरी कोळसा किती जळतो ते पाहायला हवं. ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण भारावर दिवसाला साधारण ८ हजार टन कोळसा खातो. गंधक अर्धा टक्का धरलं तर ४० टन. ते जळून ऑक्सिजनशी जोडलं जातं तेव्हा वजन दुप्पट होतं, म्हणजे एका संचातून दिवसाला सुमारे ८० टन सल्फर डायऑक्साइड. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे, तिरोड्याची ३,३००, मौद्याची २,३२०. कोराडी, खापरखेडा, नांदगाव पेठ, भुसावळ, परळी, सोलापूरजवळचं केंद्र ही नावं अजून घेतलेलीच नाहीत. विदर्भाच्या एका पट्ट्यात राज्याच्या कोळसा-विजेचा मोठा वाटा तयार होतो. तिथल्या धानाच्या बांध्यांवर आणि कापसावर काय उतरतं, हा प्रश्न टक्केवारीच्या आकड्याने सुटत नाही.

दुसऱ्या मुद्द्याकडे, म्हणजे उंच चिमण्यांकडे, पुढे येऊ. तिसरा मुद्दा, म्हणजे मोजलेली हवा मानकाच्या खाली आहे हा, मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. कारण तो आकड्यांच्या नावाने केला जातो. मग हे आकडे येतात कुठून ते पाहू.

राष्ट्रीय हवा गुणवत्ता मोजणी कार्यक्रम १९८४ साली सुरू झाला. त्याची हाताने चालवायची केंद्रं आज देशभर आहेत. अनेक ठिकाणी ती स्थानिक महाविद्यालयं चालवतात. पद्धत अशी की आठवड्यातून दोन दिवस, चोवीस तास, यंत्राने हवा ओढायची, वायूसाठी ती एका द्रावणातून बुडबुड्यांनी जाऊ द्यायची, आणि प्रयोगशाळेत त्या द्रावणाचा रंग मोजायचा. वर्षाला १०४ नोंदी अपेक्षित असतात. सल्फर डायऑक्साइडच्या बाबतीत घनमीटरला ४ मायक्रोग्रॅमच्या खाली ही पद्धत काही सांगू शकत नाही. तिथे ‘मोजण्याच्या मर्यादेखाली’ असा शेरा पडतो. शहराच्या चौकात हे सगळं चालून जातं. पण केंद्रांची यादी पाहिली की ती नगरपालिकांच्या, एमआयडीसींच्या, प्रदूषण मंडळाच्या कार्यालयांच्या आसपास फिरते. चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुस, राजुरा, बल्लारपूर अशी नावं दिसतात ती उद्योगांमुळे. वाऱ्याच्या दिशेला वीस-तीस किलोमीटरवर असलेल्या, ना कारखाना ना बाजारपेठ अशा गावाचं नाव सापडणं कठीण. स्वयंचलित केंद्रं तर आणखी शहरी. २०१९ पासूनचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुमारे १३० शहरांसाठी आहे आणि त्याचं यश धुळीच्या कणांवर मोजलं जातं, गंधकावर नाही.

आणि मानक? २००९ साली आपण हवेची जी मानकं केली त्यांत सल्फर डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा ५० मायक्रोग्रॅम आणि चोवीस तासांची ८० अशी ठेवली, आणि ती औद्योगिक, निवासी, ग्रामीण अशा सर्व भागांना सारखीच लावली. १९९४च्या मानकांत औद्योगिक भागाला जास्त सूट होती. ती काढून टाकली ही २००९ची चांगली गोष्ट. कागदावर तिरोड्याजवळच्या गावाचा आणि मुंबईच्या मलबार हिलचा हक्क एक झाला. हक्क मिळाला, मोजणी मिळाली नाही.

आता शहरांतले आकडे कमी का दिसतात? कारण शहरांतून गंधक खरोखरच गेलं. हे यश आहे आणि ते मान्य करायला हवं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत गिरण्यांची धुराडी, चेंबूरचे कारखाने आणि भट्टीच्या तेलावर चालणारे बॉयलर यांमुळे मुंबईत या वायूची तक्रार रोजची होती. गिरण्या बंद झाल्या, कारखाने हलले, इंधन बदललं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ डिझेलमध्ये ते दहा लाखांत १० भागांवर आलं. ट्रॉम्बेच्या वीज केंद्रातल्या एका संचाला तर १९८०च्या दशकातच धुरातलं गंधक समुद्राच्या पाण्याने धुण्याची यंत्रणा बसली. याच काळात कोळशाच्या विजेची क्षमता खाणींच्या तोंडाशी, नद्यांच्या काठी, तालुक्यांच्या गावांत वाढत गेली. शहरात येणारी वीज स्वच्छ झाली, कारण तिचा धूर दुसरीकडे राहिला. मग ज्या ठिकाणाहून गंधक निघून गेलं तिथल्या आकड्यांवरून आपण म्हणतो, देशात गंधकाचा प्रश्न उरलेला नाही.

डहाणूचा अनुभव इथे आठवायलाच हवा. १९९१ साली तो तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित झाला. चिकूच्या बागा, मासेमारी, वारली पाडे आणि त्यांच्या मध्ये ५०० मेगावॉटचं कोळशाचं केंद्र. स्थानिक लोक न्यायालयात गेले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डहाणूसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमलं गेलं, अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. या प्राधिकरणाने पाठपुरावा सोडला नाही आणि २००७ मध्ये तिथे गंधक धुण्याची यंत्रणा सुरू झाली. देशाच्या नियमाची वाट पाहावी लागली नाही. त्या वेळी नियमच नव्हता. एका ग्रामीण तालुक्याला हे मिळालं कारण तिथे पाहणारं, विचारणारं आणि आकडे मागणारं एक कायमस्वरूपी मंडळ होतं. ज्या तालुक्यांना असं मंडळ नाही त्यांना किमान आकडे तरी मिळायला हवेत.

मोजायचं म्हणजे नेमकं काय, हे नीट समजून घेतलं तर लक्षात येतं की शहरी पद्धत उचलून गावात ठेवून भागणार नाही.

उंच चिमणीचा धूर रात्री वर एका थरात अडकून राहतो. हिवाळ्यात सकाळी ऊन तापलं, जमिनीलगतची हवा वर खाली होऊ लागली, की वर साठलेला धूर काही वेळ थेट जमिनीवर येतो. हे अर्धा तास चालतं, कधी तास-दोन तास. त्या वेळात दम्याच्या माणसाची छाती आवळते. जागतिक आरोग्य संघटनेने म्हणूनच या वायूसाठी दहा मिनिटांची मर्यादा ठेवली आहे, घनमीटरला ५०० मायक्रोग्रॅम. आणि २०२१ मध्ये चोवीस तासांसाठी ४० सुचवले आहेत. आपल्या मानकांत तासाची मर्यादाच नाही. आठवड्यातून दोनदा घेतलेल्या चोवीस तासांच्या सरासरीत तो सकाळचा तास विरघळून जातो, आणि कागदावर आकडा कायम सुरक्षित दिसतो.

दुसरी गोष्ट अधिक मोठी आहे. सल्फर डायऑक्साइड हवेत फार काळ त्या रूपात राहत नाही. काही तासांत, काही दिवसांत त्याचं सल्फेट होतं. शेतातल्या युरियातून आणि गोठ्यातून उठणारा अमोनिया त्याला भेटतो आणि अमोनियम सल्फेटचे अतिसूक्ष्म कण तयार होतात, ज्यांना आपण पीएम २.५ म्हणून ओळखतो. हे कण शेकडो किलोमीटर जातात. म्हणजे चिमणीपासून दूर गेल्यावर वायूचा आकडा उतरतो तो गंधक नाहीसं झालं म्हणून नव्हे. ते कणांत बदललं म्हणून. फक्त वायू मोजून ‘हवा ठीक आहे’ म्हणणाऱ्याच्या हातून निम्मी गोष्ट निसटते. सूट देताना वायूचे आकडे दाखवायचे आणि शहरांतल्या पीएम २.५ साठी वेगळा कार्यक्रम चालवायचा, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध लावायला लागेल तो सल्फेट मोजूनच.

तिसरी गोष्ट पावसाची. आपल्याकडे आम्लवर्षा होत नाही असं बरेच जण मानतात, आणि पावसाच्या पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे ते किती आम्ल आहे याचं माप) पाहिला तर बरेचदा तसं दिसतंही. कारण आपल्या हवेत चुन्याचा अंश असलेली धूळ भरपूर असते. ती आम्ल मारते. विदर्भाच्या काळ्या जमिनीतही चुना आहे, ती पुष्कळ झेलू शकते. पण झेलते म्हणजे गंधक पडत नाही असं नाही. सामूबरोबर पाण्यातलं सल्फेट मोजलं तरच कळेल किती पडतंय. आणि कोकणाची कथा वेगळी. तिथली जांभ्याची माती मुळातच आम्लधर्मी, धूळ कमी, पाऊस प्रचंड, आणि रत्नागिरीत जयगडला १,२०० मेगावॉटचं केंद्र. सारख्याच गंधकाचा परिणाम दोन मातींत सारखा होणार नाही. तो किती वेगळा, हे सांगायला वीस वर्षांची नोंद लागते. एका हंगामाची पाहणी पुरत नाही.

अशी नोंद ठेवणं अव्यवहार्य आहे असं कोणी म्हणेल, त्यांनी स्वीडनकडे पाहावं. आम्लवर्षेचा शोध प्रदूषण शोधायला निघालेल्या माणसांनी लावला नाही. १९४०च्या दशकात स्वीडनच्या कृषी शास्त्रज्ञांना जाणून घ्यायचं होतं की आकाशातून शेताला आपोआप किती पोषक द्रव्यं मिळतात, म्हणजे तेवढं खत कमी घालता येईल. हान्स एग्नेर यांनी त्यासाठी गावोगाव पावसाचं पाणी गोळा करायची केंद्रं उभारली. पन्नासच्या दशकात हे जाळं युरोपात पसरलं. पुढे १९६७ मध्ये स्वान्ते ओदेन यांनी या वर्षानुवर्षांच्या नोंदी एकत्र मांडल्या तेव्हा दिसलं की पाऊस दरवर्षी जास्त आम्ल होत चाललाय आणि त्यातलं गंधक दूरच्या देशांतून येतंय. ब्रिटनने लंडनच्या १९५२च्या धुरक्यानंतर शहरांतला धूर कमी केला, पण मोठ्या वीज केंद्रांना उंच चिमण्या दिल्या. त्याचं फळ नॉर्वे-स्वीडनच्या तळ्यांनी भोगलं. शेतकऱ्यांसाठी ठेवलेली नोंद हाताशी नसती तर ब्रिटन आणि जर्मनीला कोणी काही सिद्ध करून दाखवू शकलं नसतं. १९७७ मध्ये युरोपचा संयुक्त मोजणी कार्यक्रम सुरू झाला, १९७९ मध्ये जिनिव्हा करार झाला, १९८५च्या हेलसिंकी करारात देशांनी गंधक ३० टक्के कमी करायचं मान्य केलं.

अमेरिकेनेही तेच केलं. १९९०च्या कायद्याने वीज केंद्रांच्या गंधकावर बंधन आलं, त्याच सुमारास मुद्दाम ग्रामीण भागात मोजणीचं जाळं उभं राहिलं. दर आठवड्याला गाळणीचा संच बदलायचा, प्रयोगशाळेत पाठवायचा. त्यात वायूही सापडतो आणि सल्फेटही. तीन दशकांत तिथल्या वीज केंद्रांतून निघणारं सल्फर डायऑक्साइड नव्वद टक्क्यांहून जास्त घटलं, आणि ते गावांच्या हवेतून, पावसातून खरोखर कमी झालं का, हे सांगणारे अखंड आकडे त्यांच्याकडे आहेत. कायदा झाला आणि तो काम करतोय हे कोणाच्या शब्दावर विसंबून मानावं लागलं नाही.

या गोष्टीला एक शेतीची बाजू आहे आणि ती मला आपल्यासाठी फार जवळची वाटते. गंधक हे पिकाचं अन्न आहे. युरोपात हवा स्वच्छ झाल्यावर मोहरीवर्गीय पिकांना आणि गव्हाला गंधकाची कमतरता जाणवू लागली, आणि शेतकऱ्यांना ते विकत घालावं लागलं. आपल्याकडे सोयाबीन, भुईमूग, तीळ, कांदा या पिकांना गंधक द्यायची शिफारस कृषी विद्यापीठं करतात. शेतकरी सिंगल सुपर फॉस्फेट किंवा बेंटोनाइट गंधकाची पिशवी आणतो. त्याच शेतकऱ्याच्या शिवारावर आकाशातून एकरी किती किलो गंधक वर्षाला उतरतं? खतासाठी उपयोगी पडेल इतकं? पानं करपवील इतकं? की दोन्ही, हंगामानुसार? हा स्वीडनच्या शास्त्रज्ञांचा ऐंशी वर्षांपूर्वीचा प्रश्न आहे आणि तो आपल्या खेड्यांत अजून कोणी सातत्याने विचारलेला नाही. ‘गंधक तर शेतीला चांगलंच’ असं म्हणणाऱ्यांनीही ही मोजणी मागायला हवी, कारण त्यांचा दावाही तिच्यावरच उभा राहणार आहे.

उपग्रह आहेत ना, असा प्रश्न येतो. आहेत, आणि त्यांचे उपकार आहेत. २००४ मध्ये गेलेल्या ‘ऑरा’ उपग्रहाच्या नोंदींवरूनच २०१७ साली नासा आणि मेरीलँड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की २००७ पासून चीनचं सल्फर डायऑक्साइड ७५ टक्क्यांनी घटलं, भारताचं ५० टक्क्यांनी वाढलं, आणि भारत पहिल्या क्रमांकाकडे निघालाय. ऑक्टोबर २०१७ मध्ये गेलेला युरोपचा ‘सेंटिनेल-५पी’ त्याहून बारीक पाहतो. पण उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास एकदा येतो. सकाळी धूर खाली उतरतो तो त्याला दिसत नाही. जमिनीपासून वरपर्यंतची सगळी हवा तो एकत्र मोजतो. माणसाच्या नाकाशी किती, हे सांगत नाही. आणि पावसाळ्याचे चार महिने ढगांखाली काय चाललंय ते त्याला कळत नाही, म्हणजे नेमका तो काळ जेव्हा गंधक पाण्यातून शेतात उतरतं. उपग्रहाच्या नकाशाला जमिनीवरच्या नोंदीची जोड मिळाली की दोन्ही खरे होतात.

खर्चाचं काय? गंधक धुण्याच्या यंत्रणेचा खर्च मोठा आहे हे कोणी नाकारत नाही. सरकारी बाजूने मेगावॉटमागे एक कोटी रुपयांहून अधिक आणि युनिटमागे २५ ते ३० पैशांची वाढ असे आकडे मांडले जातात. चुनखडी खणावी लागते, यंत्रणा स्वतः वीज खाते. या खर्चाच्या विरोधात दुसऱ्या पारड्यात काय ठेवायचं, तर दवाखाना, पीक आणि आयुष्य. पण त्या पारड्यात ठेवायचं वजनच मोजलेलं नाही. एका बाजूला पैशापर्यंत अचूक हिशेब, दुसऱ्या बाजूला ‘फारसा परिणाम दिसत नाही’ हे वाक्य. परिणाम न दिसण्याचं एक कारण आपण पाहिलं नाही हेही असतं.

मोजणीचा खर्च मात्र त्या मानाने फारच थोडा. ग्रामीण गंधकासाठी लाखो रुपयांची वातानुकूलित केंद्रं सगळीकडे नकोत. विजेशिवाय चालणाऱ्या छोट्या नळ्या असतात. त्यांत क्षाराचा लेप दिलेला कागद असतो, तो महिनाभर उघड्या हवेत टांगायचा आणि मग प्रयोगशाळेत त्यावरचं सल्फेट मोजायचं. महिन्याची सरासरी त्यातून चांगली मिळते, आणि अगदी कमी प्रमाणही पकडता येतं. त्याच्या शेजारी पावसाचं पाणी धरायचं भांडं. सकाळच्या झोताचा प्रश्न या नळ्यांनी सुटत नाही, त्यासाठी प्रत्येक मोठ्या केंद्राच्या वाऱ्याच्या दिशेला दोन-तीन गावांत तासागणिक मोजणारी यंत्रं हवीत, आणि त्यांचा खर्च केंद्र चालवणाऱ्या कंपनीने द्यावा. यंत्र चालवायचं मात्र कंपनीने नाही.

जागांची तर अडचणच नाही. ‘महावेध’ प्रकल्पाने २०१७ पासून महाराष्ट्रात दोन हजारांहून जास्त महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं उभी केली. तापमान, पाऊस, आर्द्रता, वाऱ्याची दिशा, वेग तिथे नोंदले जातात. पीकविम्याचे निर्णय त्यावर होतात. वाऱ्याच्या नोंदीशेजारी गंधकाची नोंद ठेवली की धूर कुठून आला हेही समजेल. सगळ्या मंडळांत नको. औष्णिक केंद्रांच्या भोवती ५० किलोमीटरपर्यंतची मंडळं, आणि तुलनेसाठी दूरची काही, मेळघाटात, भामरागडला, आंबोलीच्या बाजूला. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीची विद्यापीठं आणि जिल्ह्याजिल्ह्यातली कृषी विज्ञान केंद्रं हे काम करू शकतील, कारण माती आणि पाण्याचे नमुने तपासणं त्यांचं रोजचंच. भारतीय हवामान विभाग सत्तरच्या दशकापासून देशातल्या दहा ठिकाणी पावसाच्या पाण्याची रासायनिक नोंद ठेवत आला आहे, त्यांत नागपूर आणि पुणे आहेत. या नोंदी आपल्या राज्याचा पाया आहेत. खेड्यांचं जाळं त्यांना जोडूनच उभारायला हवं, म्हणजे जुनी आणि नवी मोजणी एकमेकांशी ताडून पाहता येईल.

आणि फक्त वीज केंद्रांपुरतं पाहू नये. आपल्या बहुतेक साखर कारखान्यांत रस निवळायला गंधक जाळून त्याचा वायू वापरतात. हंगामात त्या गंधक भट्ट्यांच्या आसपास वास येतो हे कामगारांना ठाऊक आहे. तासगावकडे बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात. वीटभट्ट्यांत कोळसा जातो. हे स्रोत लहान, हंगामी, विखुरलेले, पण माणसाच्या अगदी जवळ. मोजलं तर कुठे काळजी करायची आणि कुठे विनाकारण घाबरायचं नाही, दोन्ही कळेल.

शाळांनाही यात घेता येईल. झाडांच्या खोडावर वाढणारं दगडफूल सल्फर डायऑक्साइडला फार नाजूक असतं. ब्रिटनमध्ये १९७० सालीच त्यावरून हवेची पत ठरवणारी श्रेणी तयार झाली. कुठल्या झाडावर कोणत्या जातीचं, किती, दरवर्षी त्याच झाडावर वाढतंय की आक्रसतंय, ही नोंद नववी-दहावीची मुलं वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांबरोबर करू शकतात. यंत्राची जागा ती घेणार नाही. पण गावाची स्वतःची नोंद म्हणून तिला किंमत आहे.

चिमण्यांतल्या धुराची सतत नोंद घेणारी यंत्रं मोठ्या उद्योगांना २०१४च्या आदेशापासून बंधनकारक आहेत आणि त्यांचा आकडा प्रदूषण मंडळाच्या सर्व्हरवर जातो. तो आकडा मराठीत, समजेल अशा रूपात, त्या परिसरातल्या ग्रामपंचायतींच्या फलकावर रोज लागावा. मर्यादा लागू नसलेल्या केंद्रांचाही लागावा, किंबहुना त्यांचा आधी लागावा. आकडा खासगी मालमत्ता नाही. ज्यांच्या अंगावरून तो धूर जातो त्यांचा तो आहे.

सर्वांत कठीण भाग सातत्याचा आहे. एखादा प्रकल्प तीन वर्षांचा निधी घेऊन येतो, नळ्या टांगतो, शोधनिबंध लिहितो, जातो. पुढच्याने दुसरी पद्धत, दुसरी जागा. अशा तुकड्यांतून काळाची रेषा काढता येत नाही. म्हणून ही मोजणी अनुदानावर नको, कायद्याने हवी: जागा बदलायची नाही, पद्धत बदलली तर किमान एक वर्ष दोन्ही पद्धती शेजारी चालवायच्या, आणि कच्चे आकडे दर महिन्याला जाहीर करायचे. खंड पडला तर का पडला हे लिहायचं.

देशात २०३१-३२ पर्यंत कोळशावरची सुमारे ८० गिगावॉट नवी क्षमता उभारायचं धोरण आहे. त्यातले संच महाराष्ट्रातही येतील, आणि प्रत्येकाच्या जनसुनावणीत पर्यावरण अहवाल ठेवला जाईल. त्या अहवालातली हवेची मूळ स्थिती साधारणपणे एका हंगामाची, तीन महिन्यांची, पावसाळा वगळून मोजलेली असते. धानाच्या गावात ती पावसाळा वगळून मोजलेली असते, हे पुन्हा वाचावं. पुढची जनसुनावणी ज्या तालुक्यात लागेल, तिथल्या ग्रामसभांनी आधीच ठराव करून मागावं: दोन पूर्ण वर्षांची, पावसाळ्यासह, वायू आणि सल्फेट दोन्हींची, कंपनीने न केलेली मोजणी, आणि तिचे कच्चे आकडे सुनावणीच्या किमान महिनाभर आधी पंचायतीच्या हातात. ते आकडे नसतील तर सुनावणी पुढे ढकला, असा ठराव एका गावाने केला तर तो फाईलमध्ये जाईल. पन्नास गावांनी केला तर जिल्हाधिकाऱ्यांना उत्तर द्यावं लागेल.